काचेबाहेरची बाई

त्या दुष्काळात वडिलांच्या चिघळलेल्या पायासाठी मी नांदेडच्या एका दवाखान्यात होतो. तिथं जखम भरावी म्हणून दाबानं ऑक्सिजन देतात त्या काचेच्या टाकीत कंधारकडचा एक माणूस झोपलेला असे. आटलेली विहीर खोल करताना पोटरीला पहार लागली, आणि मांस मांडीपर्यंत सडत गेलं.

टाकीत हवेचा दाब वाढला की त्याचे कान दडपत; आवंढा गिळला की मोकळे होत. बाहेर उभी असलेली त्याची बायको त्याला दिसेल असा मोठा आवंढा गिळायची.

"गिळायचं इसरतेत, म्हनून दाखवते," मला म्हणाली.

पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती एवढंच बोलली, "कापा. मला मानूस पायजे."

पाय कापला. माणूस राहिला नाही.

त्याच दुपारी टाकीत वडिलांचा नंबर लागला. मयत न्यायच्या गाडीची वाट पाहत बसलेली ती उठून माझ्याजवळ आली.

"आत गार लागतंय, भाऊ. बाबांना चादर द्या."