शून्य टक्क्याची प्रमाणपत्रं

आमच्या कॉलेजात उचलेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी ग्रंथालयात पेढे वाटले होते. तोवर ग्रंथपाल म्हणून माझं आयुष्य पुस्तकं देण्याघेण्यात आणि पंखे बंद करा म्हणून ओरडण्यात गेलं होतं. आता एम.ए.चा प्रत्येक लघुप्रबंध माझ्या टेबलावरून जाणार होता. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, दुसऱ्यांच्या लिखाणाशी ती किती टक्के जुळते ते बघायचं आणि प्रमाणपत्रावर सही करायची, एवढं माझं काम. दोन वर्षं मी सह्या केल्या. मराठी प्रबंध जवळजवळ सगळे शून्य टक्के. आपली पोरं किती प्रामाणिक, हे मी सेवाग्रामच्या एका बैठकीत माईक हातात घेऊन सांगितलंसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या आवडल्या.

मग हिंगणीची एक मुलगी आली. तिच्या घरची भाजीची शेती, आणि प्रबंधही भाजीबाजारातल्या बायांवरच. सेलूच्या बाजारात आईशेजारी बसून तिनं त्यांच्याशी बोलून घेतलं होतं आणि सगळा प्रबंध स्वतःच्या मोबाईलवर टाइप केला होता. मी फाइल टाकली. अर्ध्याहून जास्त मजकूर जुळला. पडदा लालेलाल. नियमाप्रमाणे प्रबंध नामंजूर.

माझं डोकंच फिरलं. तिला समोर उभं करून मी वाट्टेल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी त लिहिलं नं मॅडम, कुठून घेतलं ते. तुमीच सांगतलं होतं."

मीच सांगितलं होतं, खरं आहे. ग्रंथालयाच्या वेबसाइटवर मी मोफत वापरता येणारी पाठ्यपुस्तकं ठेवली होती. विकत घ्यायची गरज नाही, परवानगी मागायची गरज नाही, फक्त घेतलेलं अवतरणात टाका आणि खाली नाव लिहा, असं दर वर्षी पहिल्या तासाला सांगत आले. हिनं ते अक्षरशः केलं होतं. जिथे जिथे लाल होतं तिथे अवतरणचिन्ह होतं आणि खाली पुस्तकाचं नाव, पान. अवतरणं मोजू नकोस अशी खूण सॉफ्टवेअरमध्ये आपण करायची असते. मी ती कधी केलीच नव्हती. शून्यातून वगळणार काय?

आणि तिथेच मला ते शून्य खटकलं. एकाही मुलानं दोन वर्षांत एकही अवतरण घेतलं नाही?

कपाटातून मागच्या वर्षीचा एक प्रबंध काढला. विषय, वर्धा तालुक्यातलं एक गाव. तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की इथला मच्छीमार समाज समुद्राच्या भरतीवर अवलंबून आहे. आमच्या जिल्ह्यात समुद्र! फार तर बोर धरण आहे. आधी हसू आलं, मग घाम फुटला, कारण त्याच्या पहिल्या पानावर शून्य टक्के होतं आणि खाली माझी सही.

त्याची फाइल उघडून एक परिच्छेद सॉफ्टवेअरच्या खिडकीत चिकटवला. तिथे मराठी उमटलंच नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची नुसती खिचडी. आमच्याकडे प्रबंध टाइपिंगच्या दुकानात होतात, आणि दुकानवाले अजून जुने फॉन्ट वापरतात. कागदावर सुरेख मराठी दिसतं, कॉम्प्युटरच्या पोटात मात्र ती इंग्रजी अक्षरंच असतात. सॉफ्टवेअर बिचारं दोन वर्षं ती खिचडी वाचून सांगत होतं, असं जगात कुणी लिहिलेलं नाही. चोरी करणारे सगळे सुटले होते. अडकली ती एकटी, जिनं मोबाईलवर नव्या पद्धतीनं लिहिलं आणि जिचा शब्द न् शब्द वाचता येत होता.

मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मॅडम, येवढं टेन्शन काऊन घेऊन राह्यल्या? पोरीले म्हना, दुकानातून टाइप करून आन. शून्य येते. विषय खतम."

लाज वाटते, पण दोन दिवस मला ते पटत होतं. पोरगी वाचते, मीही वाचते. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून मी त्या समुद्राच्या प्रबंधापासून दुकानाच्या तोडग्यापर्यंत सगळं सांगितलं.

"फेल झाली त मले घरी बसवतीन मॅडम," ती म्हणाली. "बाबानं सांगतलं हाय, हे शेवटचं वर्ष." मग मान वर करून म्हणाली, "पन दुकानातून आनलं, त त्या समुद्रवाल्यात अन् माह्यात काय फरक राह्यला?"

घरी बसण्याची भीती तिला होती आणि तरी हे ती बोलत होती. माझी तर नोकरी पक्की होती. मला स्वतःची इतकी चीड आली की त्याच दुपारी अर्ज लिहिला: जुन्या फॉन्टातल्या प्रबंधांना मी दिलेली सगळी प्रमाणपत्रं मागे घेते, आणि या मुलीचा प्रबंध टक्का न बघता वाचला जावा. विभागप्रमुख म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. म्हटलं, पडू द्या.

अर्जावर समिती बसली. बैठकीच्या आदल्या आठवड्यात मी या मुलीचा प्रबंध दोनदा वाचला होता. अवतरणं वगळून तपासल्यावर उरलेलं सगळं तिचं होतं, हे मी पानापानावर दाखवलं. मग त्यांनी तिला आत बोलावलं. बाजार उठताना उरलेली मेथी कोणती बाई कोणाला का देते, यावर ती इतकं बोलली की अध्यक्षांनाच तिला थांबवावं लागलं. प्रबंध मंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उभं केलं. पाया पडून घ्यायची माझी लायकी नव्हती.

पंधरा दिवसांनी मला मेमो आला. एवढे प्रबंध तुमच्या हातून कसे सुटले, याचा लेखी खुलासा करा. सॉफ्टवेअर, फॉन्ट, दुकानं, सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली.

"मी त्यातला एकही वाचला नव्हता."