बंद तोंडानं केलेली बडबड

हसणार नसाल तरच सांगते! चहा निवला तरी चालेल, पण भर बाल न्याय मंडळासमोर मी कशी तोंडावर आपटले ते ऐकाच.

निवृत्तीनंतर मी निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या, मुलांना भाषण करायला शिकवते. त्यातला दत्ता गंगापूरचा. वय सतरा, जन्मापासून ऐकू येत नाही. शहागंजात मित्रांबरोबर मोटारसायकल चोरताना पोलिसांची शिट्टी वाजली. बाकीचे पळाले, याला ती ऐकूच आली नाही!

चितेगावच्या एका कारखान्यात सोमवारपासून त्याला काम शिकायला जागा मिळाली होती. पण बाल न्याय मंडळानं परवानगी दिली तर! त्यासाठी आपली चूक त्यानं स्वतः मांडायची होती. तो खुणांनी बोलणार, दुभाषी शेखसर ते मराठीत सांगणार. तीन महिने मी त्याची तयारी घेतली. मोडक्यातोडक्या खुणाही शिकले.

सुनावणीच्या दिवशी दत्ता मंडळासमोर उभा राहिला. पहिलं वाक्य झालं, तोच माझा हात आपोआप उठला, 'सावकाश!' तो थांबला. अगं बाई, विसरला! मी लगेच खुणावलं, 'पुढे बोल.' तो माझ्याकडेच बघत राहिला. मग मी दोन्ही हातांनी मोटारसायकल चालवून दाखवली. 'चोरीचं सांग, चोरीचं!' त्यानं हात खालीच सोडले.

न्यायाधीश साहेबांनी घड्याळ पाहिलं. "याची तयारी दिसत नाही. पुढची तारीख देऊ या?"

पुढची तारीख? म्हणजे सोमवार गेला, जागाही गेली! शेजारी बसलेल्या दत्ताच्या आईनं माझा दंड धरला. "ओ बाई, काय झालं त्याला? सकाळी तर लई छान बोलला माझ्याशी!"

मी ताडकन उभीच राहिले. हात, मान, भुवया, सगळं सुरू!

दत्तानं शेखसरांकडे वळून भराभर खुणा केल्या. शेखसर घुटमळले.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तो म्हणतो... या मॅडम मधेमधे फार बोलतायत. त्या गप्प बसल्या तर मी बोलतो."

अहो, मी तोंडातून ब्र काढला नव्हता!

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बसा. आणि हात मांडीखाली घ्या."

घेतले. पस्तीस वर्षं वर्गाला 'हाताची घडी, तोंडावर बोट' करायला लावणारी बाई मी! दत्तानं चार मिनिटांत सगळं सांगितलं. चोरी कबूल केली, आईची माफी मागितली. साहेबांनी परवानगी दिली. खरं सांगते, मला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात कुठे मोकळे होते?

बाहेर आल्यावर मी शेखसरांना म्हटलं, "त्याला सांगा, फार सुंदर बोललास."

दत्ता हसला, खुणांनी काहीतरी म्हणाला. शेखसर पुन्हा घुटमळले.

"सांगा की हो!"

"म्हणतोय, शेवटची चार मिनिटं तुम्हीही फार छान ऐकलंत."