मधलं माप

मास्तरांनी शिवलेला चौकटीचा शर्ट लांबून ओळखू यायचा. खिशाच्या रेघा छातीवरच्या रेघांशी अशा जुळायच्या, की हात घालेपर्यंत तिथे खिसा आहे हे कळू नये. घराच्या पुढच्या खोलीत पंचेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. मागच्या खोलीत संसार. मधे पडदा, तोही उरल्यासुरल्या तुकड्यांचा.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत त्यांची एक रीत होती. नवरा म्हणे सैल हवा, बायको म्हणे अंगाबरोबर. मास्तर दोघांचं ऐकून घेत, मान डोलावत आणि दोघं गेली की दोन मापांच्या बरोब्बर मधे खडूने रेघ मारत. शर्ट घालून दोघंही खूश. "मधलं माप कधी दगा देत नाही," ते बायकोला सांगत.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं हृदय ठेका चुकवू लागलं. अशा हृदयात रक्ताची गुठळी धरते, ती मेंदूत जाऊन अडकली की अर्धं अंग लुळं पडतं, असं कळलं. रक्त पातळ करायची गोळी हवी. पण मागे एकदा बोलता बोलता मास्तरांची जीभ अडखळली होती, हे बायकोने सांगितलं, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मेंदूचा फोटो काढायला लावला, रक्तही तपासायला घेतलं.

मशीनच्या खोलीबाहेर तिथल्या माणसाने विचारलं, "अंगावर धातूचं काही?"

"काही नाही."

त्याने मास्तरांच्या कॉलरमागून तीन टाचण्या काढल्या. "आजोबा, आत केवढं मोठं लोहचुंबक आहे, या तुमच्याआधी आत पोचल्या असत्या!"

बायकोने कपाळावर हात मारला. "घरीही असंच. अंथरुणात टाचण्या सापडतात."

फोटोत सात काळे ठिपके निघाले. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे कधीतरी थोडं थोडं रक्त झिरपलंय, तुम्हाला पत्ताही नसेल. म्हणजे रक्त पातळ केलं तर रक्तस्रावाची भीती. पण तुमच्या रक्तात हृदयावरचा ताण दाखवणारं एक प्रथिन बरंच वाढलंय. म्हणजे गोळी नाही दिली तर गुठळीची भीती, आणि ती जास्त मोठी आहे."

"मग घ्यायची की नाही?" सोबत आलेल्या लेकीने विचारलं.

"घ्यायची. पूर्ण गोळी, सकाळ-संध्याकाळ. दोन्ही भीती समोर ठेवूनच सांगतेय. ब्लडप्रेशर मात्र वाढू द्यायचं नाही."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली.

बायको दोन्ही वेळा गोळी आणि पाण्याचा पेला शिलाई मशीनवर नेऊन ठेवी आणि स्वयंपाकाकडे वळे. "घेतलीत का हो?" ती पडद्याआडून विचारी.

"घेतली. आता तोंड उघडून दाखवू?"

पाचव्या महिन्यात, एका सकाळी, पुढच्या खोलीत कात्री खाली पडली. मास्तरांच्या हातून कात्री पडल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती धावली. टेबलावर चौकटीचं कापड, अर्धं कापलेलं, काप तिरका गेलेला. मास्तरांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात ओल्या बाहीसारखा लोंबत होता.

गुठळीच होती. दहा दिवसांनी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण गोळी चालू असताना हे झालं, म्हणजे ही गोळी त्यांना पुरत नाही. बदलावी लागेल. एखादी चुकली होती का?"

"एकही नाही," बायको जराशी रागानेच म्हणाली. "मी स्वतः देत होते."

त्या दिवशी दुपारी ती घरी आली. लुळ्या हातावरून बनियन चढत नव्हतं, म्हणून त्यांच्या एका जुन्या शर्टाचा खांदा उसवून तिथे बटणं लावून द्यावीत, असं तिच्या मनात होतं. तिने बटणांचा डबा उघडला. पांढऱ्या बटणांत अर्ध्या गोळ्या होत्या. कितीतरी. दोरे कापायच्या छोट्या कात्रीने मधोमध कापलेल्या. ती मशीनच्या स्टुलावर बसून राहिली. शर्ट तसाच मांडीवर पडला.

दुसऱ्या दिवशी बाई तपासायला आल्या तेव्हा तिने पिशवीतून डबा काढला. मास्तरांनी डबा ओळखला. त्यांना बोलता येत नव्हतं.

"आई, बाबांच्या समोर नको," लेक कुजबुजली.

"समोरच. मागे मागे करूनच इथवर आलोय." तिने डबा जेवणाच्या फिरत्या टेबलावर पालथा केला. "बाई, मी काल खोटं बोलले. मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. हे अर्धीच घेत होते."

बाईंनी एक अर्धी गोळी उचलून बघितली. "आजोबा, अर्ध्या गोळीने रक्तस्रावाची भीती अर्धी होत नाही हो. गुठळीला मात्र मोकळं रान मिळतं." मग बायकोला म्हणाल्या, "सांगितलंत ते फार बरं केलंत. मी गोळी उगाच बदलली असती. हीच ठेवू, पूर्ण."

"आणि हात?"

"हाताचं आज काही सांगता येत नाही."

मास्तरांचा डावा हात हळूहळू टेबलावर आला. बोटाने बटणं बाजूला सारत त्यांनी दोन अर्धुकं एकमेकांजवळ आणली, कडेला कड लावली. एक बाजू जराशी मोठी कापली गेली होती. त्यांनी पुन्हा लावून बघितली. जुळेना.

बायकोने दोन्ही अर्धुकं त्यांच्या बोटाखालून काढून घेतली. नर्सने दिलेली अख्खी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, चमच्याने पाणी पाजलं.

"गिळा," ती म्हणाली, आणि त्यांचा गळा हलेपर्यंत तिथून हलली नाही.