सरोजाक्काने पाडलेले आटे

"मावशी, अम्मा गेली," कमलाने तंजावूरहून फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "सकाळी नर्सला रागावली, सुई नीट धर म्हणून…" मला रडता रडता हसू आलं. माझी थोरली बहीण अशीच जाणार होती.

राजवाड्यामागच्या गल्लीत भाऊजींचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. अक्का पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम शिकली. भाऊजी गेल्यावर परवाना स्वतःच्या नावावर करायला ती कचेरीत गेली. "काम कोण करणार?" साहेबाने विचारलं. अक्काने तेलाने काळे झालेले दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. परवाना मिळायला वर्ष लागलं, पण मिळाला.

बाजार नुकता खुला झाला होता, परदेशी वस्तू येऊ लागल्या होत्या. एका नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी जुनी रायफल आणि नवी कोरी दुर्बीण घेऊन आले. रायफलीला दुर्बिणीसाठी भोकंच नव्हती. ती पाडून आत स्क्रूचे आटे पाडायचे होते. मी महिनाभराच्या सुट्टीवर आले होते, तिथेच बसले होते. अक्का मापं घेऊन म्हणाली, "पुढचं भोक काडतुसाच्या घराच्या वर येतं. खोल जाणार नाही, तिथली भिंत पातळ होईल. स्क्रू घासून आखूड करीन."

"परदेशी स्क्रू घासणार? भोकच खोल करा, अम्मा."

"फुटली तर तुमचा डोळा जाईल. न्या परत."

ते तरातरा निघून गेले. एवढं मोठं गिऱ्हाईक घालवलंस, असं मी म्हटलं. "जाऊ दे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

पंधरा दिवसांनी ते परत आले. एका लेथवाल्याने मागच्या भोकात आटे पाडायचा टॅप मोडून ठेवला होता. पुढचं भोक अजून पाडायचं होतं. सेक्रेटरींची मान खाली. "तुम्ही म्हणाल तसं, अम्मा."

ती टोमणा मारील असं मला वाटलं होतं. तिने फक्त चष्मा लावला. मोडका तुकडा कणाकणाने बाहेर काढायला दोन दिवस गेले. मग तेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे… हाताला जड लागलं की थांबायची. स्क्रू मात्र तिने सेक्रेटरींना समोर बसवून घासले.

चाचणीच्या मैदानावर त्यांनी रायफल घ्यायला हात पुढे केला. अक्काने दिली नाही. "आटे मी पाडलेत. पहिला डोळा माझा." आजूबाजूचे पुरुष हसले. साडीचा पदर खोचून ती जमिनीवर पालथी झोपली आणि तीन गोळ्या झाडल्या. हसणं थांबलं. मग उठून, माती झटकून तिने रायफल त्यांच्या हातात दिली. "आता तुम्ही."

लक्ष्याचा तो कागद तिने मागून घेतला आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. तीन भोकं, त्यातलं एक जरा डावीकडे. ते डावीकडचं आपला श्वास चुकल्याने गेलं, हे ती येईल त्याला न लाजता सांगायची.

अक्काच्या पश्चात, गेल्या आठवड्यात दुकानाला रंग द्यायला माणूस आला. कागद काढू का, असं त्याने विचारलं. कमला म्हणाली, "भिंत रंगव. कागदाला हात लावलास तर ब्रश घेऊन चालता हो."