बुर्गीचा डावा पाय

बुर्गीचा डावा पाय गवत कापायच्या यंत्रात गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तीन हिवाळ्यांत ती एका स्कीवर, हातातल्या काठ्यांना छोट्या स्की लावून, ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या धडधाकट पोरींना घाम फोडू लागली. तिच्या स्कीला मेण लावायचं काम माझं.

बूट जोडीनेच मिळतात. म्हणून एका पायाची माणसं जोडीदार शोधतात. बुर्गीचा जोडीदार पलीकडच्या खोऱ्यातला लेन्झ. त्याला उजवा पाय नव्हता. नवा जोड आला की उजवा बूट हिचा, डावा त्याचा.

"माझ्या मापाचा बूट होतो तुला! बायकी पाय रे तुझा," ती चिडवायची.

"तुझाच गड्याचा आहे," तो म्हणायचा.

एकदा मेण लावताना ती म्हणाली, "लेन्झ बूट घालतोय बघ. माझा नसलेला पाय आवळतोय." मी गंमत म्हणून त्याला फोन लावला. तो धापा टाकत म्हणाला, "थांब जरा, बूट घालतोय." मी फोन ठेवून दिला. पुन्हा अशी गंमत केली नाही.

राष्ट्रीय संघाच्या निवडीची शर्यत शनिवारी होती. गुरुवारी लेन्झ एकटाच डोंगरावर गेला आणि त्याच्या मागे उतारावर बर्फाचा कडा कोसळला. लोक उतारावर काठ्या खुपसून त्याला शोधत होते. प्रशिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिला कळू देऊ नकोस. अशी संधी परत येत नाही." मी मान डोलावली.

शुक्रवारी बुर्गी दिवसभर वैतागलेली. "फेर्डल, पाय गारठलाय रे. कालपासून बूट काढला नाही या मेल्याने. आणि बुटाखाली वाळकं गवत टोचतंय."

मला कळलं होतं. देवाशपथ, तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणालो, "शर्यतीची धास्ती आहे ती. झोप जा."

शनिवारी ती सुरुवातीच्या फाटकात उभी राहिली. आकडे उलटे मोजले जात होते. एकाएकी ती वळली.

"गार लागायचं थांबलं," ती म्हणाली. "लेन्झ कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. निघायचा इशारा झाला, ती हलली नाही. मी शोध घेणाऱ्यांना फोनवर ओरडून सांगितलं, "डोंगरावरची वाळकं गवत साठवायची खोपटी बघा!" बर्फाखाली दबलेली खोपटी त्यांनी उकरली. लेन्झ आत बसलेला होता, बूट घट्ट बांधून. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन तासभरही झाला नसेल.

नंतर ती सहा वर्षं शर्यतीत उतरली, दोन पदकं आणली. मला तिने काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण प्रत्येक वेळी फाटकात उभी राहिली की ती विचारायची, "फेर्डल, काही सांगायचं राहिलंय?"

मी "नाही" म्हणायचो. मग ती माझ्याकडे न बघता, डाव्या बाजूच्या रिकाम्या बर्फाकडे बघत थांबायची. तिकडून होकार आल्यावरच निघायची.