ओठाला लहान पडणारा माउथपीस

आमच्या पांढुर्ण्याच्या बँडमध्ये ट्रंपेटचा ओठाला लावायचा पितळी माउथपीस निवडायचा नसतो, तो मिळतो. आजोबांचा बाबांकडे आला आणि बाबांचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा माझ्याकडे. त्याच्याबरोबर वरातीत मुख्य चाल वाजवायचा मानही आला. ओठाचं माप कोणी विचारलं नाही. पितळेप्रमाणे ओठ वळवायचा, हा आमच्या घरचा कायदा.

माझे ओठ जाड. गाठोड्यात कापूस दाबून भरावा तसे ते माउथपीसच्या लहानशा वाटीत कोंबावे लागायचे. दोन गाण्यांत वरचा ओठ बधिर व्हायचा, घरी चहासुद्धा झोंबायचा. लग्नांचे पाच सीझन मी मुकाट सोसलं. खरं सांगतो, बाबांचा रागच यायचा.

शेवटी नागपूरच्या दुकानात जाऊन चार माउथपीस लावून पाहिले. मोठ्या वाटीचा लावला आणि ओठ मोकळे झाले. इतका भरलेला आवाज माझ्या ट्रंपेटमधून कधी निघाला नव्हता. दुकानदारानं बजावलं, आधी महिनाभर घरी फुंका, ओठाला सवय होऊ द्या. पण मला कुठला धीर. दुसऱ्याच दिवशी सौसरच्या वरातीत मी तो लावला. जुना खिशात टाकला. बाबांना सांगितलं नाही.

तीन गाणी झकास झाली. मग वरचे सूर फाटायला लागले आणि थोड्या वेळानं नुसता वारा यायला लागला. नाचणारे थांबून माझ्याकडे बघायला लागले. बाबा हल्ली बँडमध्ये ताल धरायला खुळखुळा वाजवतात. त्यांनी तो खाली ठेवला, माझ्या हातातून ट्रंपेट घेतला, जुना माउथपीस मागून घेतला आणि मांडवापर्यंत चाल वाजवली.

मांडवामागे ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत होते. दुपट्ट्यावर रक्त होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी बोललोच.

"बाबा, मले तो लहान पडते. ओठ मावतच नाही त्याच्यात."

"माहीत हाये," ते म्हणाले. "मलेही लहानच पडे."

"मंग तुमी बदलला काऊन नाही?"

"तुहा आजा होता तवा हिंमत नाही झाली. तो गेल्यावर मन नाही झालं."

एवढ्यात वाजवायला बोलावणं आलं. त्यांनी माउथपीस पुसून माझ्यापुढे धरला. नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. मी हात पुढे केला.