सुताच्या काट्यावर वाढलेलं वजन

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा मी भिवंडीत काढला. स्वतःच्या जिवाची इतकी काळजी मी आधी कधी घेतली नव्हती आणि नंतरही नाही. ते दिवस सुखाचे होते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या सुखातूनच निघालं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी छातीचा फोटो काढला, त्यात डाग निघाला. क्षय. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, "वेगळा राहा, मोकळ्या हवेत झोप, चांगलंचुंगलं खा." घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. गावात हे फुटलं असतं तर माझंच नव्हे, धाकट्या बहिणीचंही लग्न अडलं असतं. आईनं मला आक्काकडे पाठवायचं ठरवलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. तिथून गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं जवळ. सांधे धरलेत, कुंडात आंघोळीला आलोय, असं सांगायचं.

"आक्कालासुद्धा बोलू नकोस," आई म्हणाली. "ती दाजींना सांगणार, आणि दाजी भोळे. कुठंतरी बोलून जातील."

मी हो म्हणालो. मला जगायचं होतं, बाकी काही दिसत नव्हतं.

माझ्यासाठी भिवंडी म्हणजे परमुलूखच. रस्त्यात कानावर पडायची ती हिंदी नि उर्दू. भाजीवालीशी बोलतानाही माझी जीभ अडखळायची. गल्ल्यागल्ल्यांतून लूमचा खडखडाट, आणि सगळ्यावर, अगदी पावाच्या लादीवरसुद्धा, सुताची बारीक पांढरी फूस. पण तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. आजारी माणसाला याहून मोठी सुटका नसते.

सकाळी धामणकर नाक्यावरून एसटी पकडायची. गणेशपुरीला उतरलं की कापणी झालेली कोरडी भातखाचरं, मग आश्रमाच्या वाटेनं जाणारी गोरी माणसं, आणि पुढं कुंड. त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलं की अंगातली भीती सैल व्हायची. बाहेर एक म्हातारी पाटी घेऊन बसायची. "घे रं बाला, ताडगोलं घे, थंडगार हाय," म्हणायची. मी बोटानं गर काढून सावकाश, एकेक खायचो. दुपारी परत आलो की आक्कानं दोन अंडी उकडून ठेवलेली असत आणि पेलाभर दूध. दाजी कोरा चहा पीत. दूध कुणाच्या वाटचं होतं हे मला कळत होतं. मी प्यायचो.

पेला मी वेगळा ठेवला होता, ताटलीही. आक्का चिडवायची, "काय रे, साहेबाला आता बहिणीचं उष्टं चालत नाही वाटतं!" मी हसण्यावारी न्यायचो. आपण सगळ्यांना जपतोय असं मला खरंच वाटायचं.

खोली एकच. एका बाजूला स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला खिडकी. खिडकीला लागून माझं अंथरूण, शेजारी दाजींचं, स्टोव्हकडे आक्काचं. खिडकीसमोरच लूमचा कारखाना, तो थांबायचाच नाही. पहिले दोन दिवस माझा डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी आक्काला म्हणालो, "खिडकी लावलीस तर बरं होईल गं. विश्रांती नाही मिळाली तर इथं येऊन उपयोग काय?" तिनं लगेच उठून कडी घातली. तेव्हापासून मी असेपर्यंत ती खिडकी झोपायच्या वेळी बंद राहिली. दाजी घामानं निथळत, पुठ्ठ्यानं वारा घेत, पण उघडा म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत झोप म्हणून सांगितलं होतं. ती हवा माझ्या एकट्याच्या भल्यासाठी आहे, असं मी धरून चाललो होतो. तशी कुंडावर मला भरपूर हवा मिळतच होती.

दर रविवारी दाजी मला कारखान्यात नेत. दारापाशी सुताचे गठ्ठे मोजायचा काटा होता, त्यावर उभं करत. "या पाव्हणं, चढा! बघू, मेव्हण्यानं माझ्या घरची अंडी कुठं घातली." वजन थोडं जरी वाढलेलं दिसलं तरी खडूनं भिंतीवर रेघ मारत. त्यांचा जोडीदार, समोरच्या मागावरचा उत्तर प्रदेशचा माणूस, ओरडायचा, "अरे, इसको भी गांठ में बांध के बेच दो!" आणि दाजी पोट धरून हसायचे.

अशाच एका रविवारी दाजींनी धोटा माझ्या हातात दिला. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा. त्यात सुताची कांडी बसवतात आणि धाग्याचं टोक बारीक भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून जोरात ओढतात. दिवसातून कितीतरी वेळा. "ओढा," दाजी म्हणाले. "बसल्या बसल्या विणकर व्हा." मी मागं सरलो. जोडीदार म्हणाला, "डरता है! औरतों जैसा!" नाही म्हणायला कारण सुचेना. मी तोंड लावलं, ओढलं, घशात फूस गेली आणि खोकत सुटलो. दोघं हसले. दाजींनी तोच धोटा माझ्या हातून घेतला, आपल्या तोंडाला लावला आणि एका दमात धागा काढून दाखवला. "असं."

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखा गणेशपुरीला गेलो.

दीड महिन्यानं मी गावी परतलो तेव्हा भिंतीवर सहा रेघा होत्या. गोळ्या वर्षभर नेमानं घेतल्या, डाग भरून आला, लग्न झालं, नोकरी लागली. दोन वर्षांनी दाजींना खोकला लागला. लूमवरच्या माणसाला खोकला येणारच, असं सगळेच म्हणाले. रक्त पडलं तेव्हा दवाखान्यात नेलं. थोडं बरं वाटलं की दाजी गोळ्या सोडत आणि ड्युटीवर जात. मी भेटायला गेलो तेव्हा जोडीदारानं त्यांना त्याच काट्यावर उभं केलं होतं. या वेळी कोणी थट्टा केली नाही आणि भिंतीवर रेघही मारली नाही. पुढच्या पावसाळ्यात दाजी गेले. आक्का कांड्या भरायच्या मशीनवर कामाला लागली. ती आजही म्हणते, "फुशीनं खाल्लं त्यांना."

पुढची बारा-तेरा वर्षं मी तो धोटा उराशी धरून होतो. माझं पाप केवढं, तर एक धोटा. एकदाच तोंड लावलं, तेही त्यांनी भरीला घातलं म्हणून. पाप लहान असलं की माणूस त्याच्याबरोबर राहू शकतो. मी राहिलो.

मग ऑफिसच्या तपासणीत छातीच्या फोटोत जुना व्रण दिसला. डॉक्टरांनी विचारपूस केली. मी दुसऱ्या कुणाची तरी हकिकत सांगावी तसं धोट्याचं विचारलं. ते म्हणाले, "उष्ट्यानं सहसा नाही पसरत हो हा रोग. भांडी वेगळी ठेवून फारसं काही होत नाही. तो पसरतो खोकल्यातून, हवेतून. रुग्णाशेजारी बंद खोलीत महिनाभर झोपणाऱ्याला धोका जास्त."

मला आधी हलकं वाटलं. धोट्यानं नाही! जिना उतरताना खिडकी आठवली, आणि मी कठडा धरून उभा राहिलो.

ते माझ्यामुळेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. गर्दीच्या गावात रोग कुठूनही येतो. हे वाक्य मी पुष्कळ वेळा वापरून पाहिलं. दाजींच्या श्वासाशेजारी मी दीड महिना श्वास घेतला आणि माझ्या विश्रांतीसाठी कडी घालायला लावली, एवढं तरी खरंच आहे.

आक्का अजून त्याच खोलीत राहते. गेल्या वैशाखात मी तिच्याकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. जेवण झाल्यावर शेजारीण आली. आक्का तिला म्हणाली, "हा माझा भाऊ. काठीसारखा आला होता, माझ्या घरी राहून धडधाकट होऊन गेला." तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता त्यापुढं माझं तोंड उघडेना.

शेजारीण गेली. मी आडवा झालो. आक्का उठली, माझ्या अंगावरून वाकून तिनं खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. "तुला आवाज सोसत नाही," म्हणाली.

मी उठून कडी काढली.

"का रे?"

"असू दे उघडी," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. समोरचा खडखडाट खोलीत भरला, आणि आम्ही दोघं तो ऐकत पडून राहिलो.